जमीन गेली किंवा गुन्हा घडला, तर सरकारकडून मिळणारे पैसे ठरतात कसे?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र सरकारला चांगलंच झापलं होतं, आठवतंय? पुण्यातली एक खाजगी जमीन सरकारने कित्येक दशकांपूर्वी ताब्यात घेतलेली, मालकाची बाजू कोर्टात खरी ठरलेली, बदल्यात जी जमीन दिली ती निघाली फॉरेस्टची, आणि पैशांचा विषय आला की सरकारचं आपलं आज बघतो उद्या बघतो चालू. शेवटी कोर्ट म्हणालं की नीट भरपाई देत नसाल तर लाडकी बहीण योजना थांबवायचा आदेश काढू. झालं, टीव्हीवर दोन दिवस लाडकी बहीणच चालली आणि जमिनीचा मूळ मुद्दा कुणी समजावून सांगितलाच नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आपल्याच राज्यातून गेलेल्या एका केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने देशातल्या सगळ्या सेशन्स कोर्टांना सांगितलं की बायका आणि लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासारख्या केसेसमध्ये निकाल देताना पीडितांना भरपाई देण्याचाही आदेश द्या, नुसती आरोपीला शिक्षा सुनावून थांबू नका. ही बातमी तर बहुतेकांनी वाचलीही नसेल.

आता जमिनीचा मोबदला आणि गुन्ह्यातली भरपाई, दोन्ही विषय वरवर पाहता एकमेकांपासून लांबचे. पण ज्याच्यावर वेळ येते त्याचा अनुभव सारखाच असतो: हक्क आहे असं सगळे सांगतात, पण किती, कुणाकडे मागायचं आणि कधीपर्यंत, हे कुणी सांगत नाही. म्हणून दोन्ही एकत्रच घेतोय.

आधी पाया: कायदा दिल्लीचा, आकडा राज्याचा

जमिनीसाठी २०१३ चा भूसंपादन कायदा आहे, १ जानेवारी २०१४ पासून लागू. त्याआधी इंग्रजांचा १८९४ चा कायदा चालू होता, म्हणजे जवळजवळ एकशे वीस वर्षं आपल्या जमिनी राणीच्या काळातल्या कायद्याने घेतल्या जात होत्या. गुन्ह्यांसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७अ आलं, ते ३१ डिसेंबर २००९ पासून, आणि आता जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९६ म्हणून आहे. हे दोन्ही कायदे संसदेने केलेले.

पण गंमत अशी की दोन्हीत एक महत्त्वाची जागा मोकळी ठेवलीये आणि ती भरायचं काम राज्यांना दिलंय. जमिनीत ती जागा म्हणजे गुणांक, म्हणजे बाजारभावाला कितीने गुणायचं तो आकडा. गुन्ह्यांच्या बाबतीत ती जागा म्हणजे आख्खी योजनाच, कारण संसदेने एवढंच म्हटलं की प्रत्येक राज्याने केंद्राशी बोलून पीडितांसाठी योजना करावी आणि निधी ठेवावा. त्यामुळे एकाच देशात, एकाच कायद्याखाली, सारख्याच नुकसानीला वेगवेगळे पैसे मिळतात आणि ते कायदेशीर असतं.

जमिनीचा बाजारभाव काढतात कसा

कायद्यात तीन आकडे काढायला सांगितलेत आणि त्यातला जो सगळ्यात मोठा तो धरायचा. एक, रेडीरेकनरचा दर, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेला जमिनीचा भाव. दुसरा, आजूबाजूच्या तशाच जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांची सरासरी, आणि ही सरासरी सगळ्या व्यवहारांची नाही तर वरच्या भावाच्या निम्म्या व्यवहारांची, म्हणजे दहा खरेदीखतं असतील तर महागातली पाच घ्यायची. तिसरा आकडा खाजगी कंपनी किंवा भागीदारीतल्या प्रकल्पात संमतीने ठरलेल्या रकमेचा, तो बहुतेकांना लागत नाही.

इथे आपल्याकडचा एक जुना रोग आडवा येतो. स्टॅम्प ड्युटी वाचवायला खरेदीखतात भाव कमी दाखवायचा आणि उरलेले रोखीत द्यायचे, हे गावोगाव चालतं. वर्षानुवर्षं सगळ्यांनी असं केलं की मग जेव्हा रस्ता येतो तेव्हा सरकार म्हणतं हे बघा, तुमच्याच गावात एकर आठ लाखाने गेलंय, तुम्हीच सही केलीय. मग आपण म्हणणार साहेब खरा भाव वीस होता. पण कागद तसं म्हणत नाही ना.

बाजारभाव ठरला की त्याला गुणांकाने गुणायचं. शहरात गुणांक १, ग्रामीण भागात १ ते २ च्या मध्ये कितीही, राज्य ठरवेल तो. त्यात विहीर, झाडं, गोठा, पाइपलाइन यांची किंमत मिळवायची. जी बेरीज येईल तेवढीच रक्कम परत एकदा, तिला दिलासा रक्कम म्हणतात, १०० टक्के. आणि शिवाय बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, सुरुवातीच्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यातलं जे आधी होईल तोपर्यंत. निवाडा म्हणजे अधिकाऱ्याचा अंतिम हिशोबाचा आदेश, हा शब्द पुढे बऱ्याचदा येईल.

लोक विचारतात की बाजारभावाच्या वर एवढं का? सरकारची तिजोरी आहे म्हणून? तसं नाही. समजा तुमची स्कूटर तुम्ही स्वतः विकायला काढलीत तर तुम्ही गिऱ्हाईक शोधाल, थांबाल, भाव पटला नाही तर विकणार नाही. पण कुणी येऊन म्हणालं की मला आजच हवी, नाही म्हणायची सोय नाही, आणि ही घ्या जुन्या बाजारातली किंमत, तर तुम्हाला ते बरोबर वाटेल का? नाही म्हणायचा जो हक्क काढून घेतला त्याची किंमत म्हणून ती दिलासा रक्कम.

एका अधिसूचनेत चोवीस लाख

आता आकडे घालून बघू म्हणजे राज्याच्या हातात नेमकं काय आहे ते कळेल. समजा गावात एक एकर, तिन्हीतला मोठा आकडा १२ लाख, झाडं-विहीर मिळून ३ लाख, आणि अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत दीड वर्ष गेलं.

गुणांक २ असेल तर १२ चे २४, त्यात ३ म्हणजे २७, दिलासा रक्कम धरून ५४. बाजारभावावर १२ टक्क्याने दीड वर्षाचे २ लाख १६ हजार. एकूण ५६ लाख १६ हजार.

गुणांक १ असेल तर १२ आणि ३ पंधरा, दुप्पट ३०, वरचे २ लाख १६ हजार तेच. एकूण ३२ लाख १६ हजार.

जमीन तीच, विहीर तीच, कायदा तोच, फरक २४ लाखांचा. आणि हा काही कल्पनेतला फरक नाही. महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी २ चा गुणांक होता, पण राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनासाठी राज्याने जानेवारी २०२२ च्या अधिसूचनेने तो १ वर आणला. ज्यांची जमीन आधी गेली त्यांना "चौपट" मिळाले आणि ज्यांची नंतर गेली त्यांना "दुप्पट", गावात मग भांडणं आणि संशय, की त्याने साहेबाला काय दिलं असेल. साहेबाला काही दिलेलं नसतं, अधिसूचना बदललेली असते. म्हणून निवाडा हातात आला की पहिल्यांदा गुणांक कुठला लावलाय आणि कुठल्या तारखेच्या अधिसूचनेने, ते वाचा.

समृद्धी महामार्गावर तर "पाचपट" मिळाले असं सगळे म्हणतात. ते बरोबर आहे पण ते संपादन नव्हतं, थेट खरेदी होती. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता, त्यासाठी बरीचशी जमीन सरकारने वाटाघाटीने विकत घेतली आणि कायद्याने जेवढे झाले असते त्यावर २५ टक्के जास्त दिले. चारपट अधिक चौथा हिस्सा, झाले पाचपट. पण खरेदीखतावर सही केली की तो सौदा झाला, पुढे वाढीव मोबदल्यासाठी भांडायचा रस्ता जवळपास बंद. ज्याला पैसे लगेच हवेत आणि भाव पटलाय त्याला ते चांगलं, ज्याला वाटतं की आपली जमीन हायवेला लागून आहे आणि रेडीरेकनर चुकीचा आहे त्याने दहादा विचार करावा.

"पण मला जमीन द्यायचीच नसेल तर?"

इथे खोटी आशा देण्यात अर्थ नाही. खाजगी कंपनीसाठी घेताना ८० टक्के आणि सरकार-खाजगी भागीदारीत ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला संमती लागत नाही, हरकत घ्यायला ६० दिवस मिळतात आणि सुनावणी होते एवढंच. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने गेला, आता तो कलम ३००अ खाली आहे, म्हणजे कायद्याशिवाय घेता येणार नाही पण कायद्याने घेता येते.

त्यात अजून एक गोष्ट. २०१३ च्या कायद्यात प्रकल्प आणण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करायला सांगितलाय, गावात येऊन किती घरं हलणार, कुणाची रोजीरोटी जाणार वगैरे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून राज्याच्या काही कायद्यांना, त्यात महामार्ग कायदा आणि एमआयडीसीचा कायदा आला, यातून बाहेर ठेवलं. भरपाई मात्र २०१३ च्या कायद्यापेक्षा कमी देता येत नाही. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर, सांगलीकडे जो विरोध झाला त्यात नुसता भाव नव्हता, आमच्याशी आधी बोललात कधी, हाही राग होता. बागायती जमीन असलेल्या माणसाला चौपट सांगून गप्प बसवता येत नाही हे सरकारला कळायला वेळ लागतो.

आणि ज्यांचं सातबारावर नावच नाही त्यांचं काय? शेतमजूर, खंडाने करणारे, यांनाही कायदा बाधित कुटुंब म्हणतो, त्या जमिनीवर तीन वर्षं पोट अवलंबून असलं पाहिजे. पुनर्वसनाच्या हक्कांत नोकरी, किंवा एकरकमी ५ लाख, किंवा २० वर्षं महिन्याला किमान २ हजार, असे पर्याय आहेत. यादी करायला येतात तेव्हा मालक पुढे असतात आणि मजूर कामावर गेलेले असतात, त्यामुळे नावं राहून जातात. त्या दिवशी हजर राहा, एवढं जरी केलं तरी खूप.

पैसे उचलताना कुठे सही करता ते बघा

हा भाग सगळ्यात कोरडा आहे पण इथेच लोकांचं नुकसान होतं. निवाड्यातली रक्कम पटली नाही तर ती उचलताना "हरकत राखून" असं लिहून उचलायची. तसं न लिहिता घेतली की कायदा म्हणतो तुम्हाला मान्य आहे, मग वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही. पैसे घेतल्याने हक्क जात नाही, हरकत न नोंदवता घेतल्याने जातो.

अर्जाची मुदत: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी. कारण पटलं तर कलेक्टर वर्षभराची सूट देऊ शकतात. आणि समजा तुम्ही गेलाच नाहीत पण त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याने जाऊन भाव वाढवून आणला, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत तुम्हीही तोच भाव मागू शकता. शेजाऱ्याशी बोलणं बंद असेल तर निदान त्याच्या केसवर तरी लक्ष ठेवा!

राष्ट्रीय महामार्गाचा रस्ता थोडा वेगळा, तिथे वाद लवादाकडे जातो. आणि १९९७ ते २०१४ च्या दरम्यान ज्यांच्या जमिनी हायवेला गेल्या त्यांना दिलासा रक्कम आणि व्याज नाकारलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये घटनाबाह्य ठरवलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये परत स्पष्ट केलं की हा निकाल जुन्या प्रकरणांनाही लागू आहे. घरात जुना निवाडा पडला असेल तर तो वकिलाला दाखवा.

टॅक्सचं म्हणाल तर २०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर इन्कम टॅक्स नाही, कलम ९६. व्याजाच्या भागाचं सीएला विचारून घ्या. घरात भावंडांचा वाद असेल तर रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते आणि तो मिटेपर्यंत तिथेच राहते, बहिणींची नावं वारसाला लावली नसतील तर हमखास.

आता दुसरी बाजू: गुन्हा दुसऱ्याने केला, पैसे सरकारने का द्यायचे?

हा प्रश्न रास्त आहे. टॅक्स आपण भरतो, मग गुंडाच्या करणीचे पैसे आपल्या खिशातून का? उत्तर असं की आरोपीकडून दंड वसूल करून पीडिताला देण्याची सोय कायद्यात आधीपासून होतीच. पण आरोपीकडे बहुतेक वेळा पैसे नसतात, कधी तो सापडत नाही, आणि केस दहा वर्षं चालते. बाईला दवाखान्याचं बिल या आठवड्यात भरायचं असतं. लोकांचं संरक्षण करणं हे राज्याचं काम, ते जमलं नाही तर निदान सावरायला मदत करावी, हा विचार ३५७अ च्या मागे आहे. महाराष्ट्रातल्याच एका खून प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं की भरपाई द्यायची की नाही याचा विचार प्रत्येक फौजदारी केसमध्ये कोर्टाने केलाच पाहिजे, आणि नाही दिली तर का नाही ते लिहिलं पाहिजे.

किती मिळतात?

जमिनीसारखा इथे हिशोब नाही, इथे तक्ता आहे, किमान इतके आणि कमाल इतके. सुरुवातीला राज्याराज्यांत भयंकर फरक होता. बलात्काराच्या केसमध्ये गोव्याची योजना १० लाखांपर्यंत द्यायची तेव्हा काही राज्यं हजारांत बोलत होती, शेवटी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना गोव्याकडे बघून योजना करा असं सांगितलं. महाराष्ट्रात बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, तेव्हा कमाल ३ लाख, ती २०१७ मध्ये १० लाखांपर्यंत नेली. २०१४ मध्ये बाकीच्या गुन्ह्यांसाठी वेगळी पीडित भरपाई योजनाही आली.

२०१८ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे नाल्साने, महिलांसाठी एक नमुना योजना केली आणि सुप्रीम कोर्टाने ती सगळ्या देशाला किमान म्हणून लावली. त्यात बलात्काराला ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्काराला ५ ते १० लाख, अॅसिड हल्ल्यात चेहरा विद्रूप झाला तर ७ ते ८ लाख. पीडिता अल्पवयीन असेल तर ५० टक्के जास्त. राज्याला यापेक्षा जास्त देता येतं, कमी नाही. मोठा हिस्सा मुदत ठेवीत ठेवतात, नातेवाइकांनी संपवू नये म्हणून, ते मला तरी पटतं, फक्त उपचारासाठी लागले तर लवकर काढून मिळाले पाहिजेत.

दलित-आदिवासींवरच्या अत्याचारांसाठी अॅट्रॉसिटीच्या नियमांत वेगळा तक्ता आहे, ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत, आणि तो टप्प्याटप्प्याने मिळतो, काही गुन्हा नोंदवल्यावर, काही चार्जशीटला, काही निकालाला. अज्ञात वाहनाने उडवलं असेल तर २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार.

"आरोपी सापडला नाही, किंवा सुटला, मग?"

तरीही मिळू शकतात, आणि हेच लोकांना माहीत नसतं. आरोपी सापडला नाही, खटलाच चालला नाही, तरी पीडित किंवा घरचे थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. हे ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असं नाही, फोन करायचा तर १५१०० नंबर. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असं कायद्यातच लिहिलंय. आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताला सावरायची गरज आहे असं कोर्टाला वाटलं तर ते शिफारस करू शकतं. लहान मुलांच्या, म्हणजे पॉक्सोच्या केसमध्ये तर केस चालू असतानाच अंतरिम रक्कम मागता येते आणि आदेशानंतर ३० दिवसांत राज्याने ती द्यायची असते. नाल्साच्या योजनेत अर्जाची मुदत तीन वर्षं आहे, बाकी योजनांत कमी असू शकते, म्हणून वाट बघत बसू नका.

"पैसे घेतले म्हणजे केस मिटवली, असं होईल ना?"

नाही. हा आरोपीशी समझोता नाही, पैसे सरकार देतंय, केस तशीच चालते. पण गावात लोक बोलतात, "पैसे मिळाले ना तिला", आणि आरोपीचा वकीलही कोर्टात पैशांसाठी तक्रार केली असं सुचवून बघतो. काही जणी या भीतीने अर्जच करत नाहीत. खोट्या तक्रारींचं म्हणाल तर तक्रार खोटी ठरली तर रक्कम वसूल करायची तरतूद आहे, त्यासाठी खऱ्या पीडितांना ताटकळत ठेवायची गरज नाही.

मग अडतं कुठे?

जमिनीत अडतं ते मोजणीत, वारसांत, झाडांच्या संख्येत, आणि कोर्टात. पीडितांच्या बाबतीत अडतं ते त्याच्याही आधी, पोलीस स्टेशनला कुणी सांगतच नाही की असा अर्ज असतो. सांगितलं तर बँक खातं नाही, आधारवर नाव वेगळं, मेडिकलचा कागद मिळालेला नाही. आणि मंजुरी झाली तरी निधी आलेला नाही हे उत्तर असतंच.

आता दोन्ही कायदे शेजारी ठेवून एक गोष्ट बघा. जमिनीचे पैसे न देता सरकारने ताबा घेतला तर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज द्यावं लागतं, कायद्यात लिहिलंय, त्यामुळे उशीर झाला की कुठल्यातरी फाइलवर कुणीतरी लिहितं की व्याज वाढतंय, लवकर करा. पीडितांच्या योजनांत दोन महिने, तीस दिवस अशा मुदती आहेत पण उशिरावर असं व्याज लागत नाही, म्हणून ती फाइल महिना राहिली काय आणि वर्ष राहिली काय, कुणाचं काही बिघडत नाही. हे बदलायला संसदेत जायलाही नको, योजना राज्याची आहे, राज्याने ठरवलं तर एका शासन निर्णयात ९ टक्क्यांचं कलम घालता येईल.